त्या दिवशी तुम्ही कोणाचे होतात, लिमये काका?

काका, आज दुपारी मुलं झोपली आणि फोन वाजला. तुमच्या ऑफिसमधून होता. तुमच्या म्हणजे, ज्या मोठ्या कंपनीनं तुमचं टिळक रोडवरचं ऑफिस विकत घेतलं, तिच्याकडून. पोरगी गोड बोलत होती. "मॅम, आपली पॉलिसी ड्यू आहे. मी लिंक पाठवते, तुम्ही फक्त क्लिक करा." मी म्हटलं, "लिमये काका गेले, कळलं का तुम्हाला?" तिनं नाव टाकून बघितलं आणि म्हणाली, "मॅम, ते आमच्या सिस्टिममध्ये दिसत नाहीत."

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "चला, तिथूनही सुटलो."

मला हसू आलं नाही. दमले आहे मी. तुम्ही गेल्याचं काकूंनी कळवलं तेव्हाही आधी रडू फुटलं नाही. नुसता थकवा आला. एखादं जड ओझं दोघांनी धरलेलं असावं आणि समोरच्यानं न सांगता हात सोडावा, तसं झालं. लोकांना हे सांगून कळत नाही. "कोण होते तुमचे?" विचारतात. मी सांगते, "आमचे विम्याचे ब्रोकर." मग ते माझ्याकडे बघतात, की विम्यावाल्यासाठी कोणी एवढं तोंड उतरवून बसतं का.

तुमची माझी ओळख झाली तेव्हा मी खराडीत तशी नवीच होते. वर्ध्याहून लग्न होऊन आलेली. ह्यांची रांजणगावला कारखान्यात शिफ्टची नोकरी. घराच्या एका बाजूला अजून ज्वारी उभी होती आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती वर चढत होत्या. त्या इमारतींत कामाला जाणाऱ्या बायका माझ्यासारख्याच लांबून आलेल्या. कोणाची आई अकोल्याला, कोणाची सासू लातूरला. मूल ठेवायचं कुठे? मी आधी शेजारचं एक बाळ सांभाळलं. त्याच्या आईनं मैत्रिणीला सांगितलं. बघता बघता घर पुरेना, म्हणून इथल्याच मूळच्या शेतकरी दादाभाऊंच्या रो-हाउसचा तळमजला भाड्यानं घेतला आणि बाहेर पाटी लावली. एका आईच्या ऑफिसातून विचारणा आली, की पाळणाघराचा विमा आहे का. मी तोऱ्यात सांगितलं, आहे. खात्री करून घ्यायला त्यांनी तुमचं नाव सुचवलं.

तुम्ही आलात त्या दिवशी मी तोच विमा तुमच्यासमोर ठेवला. सोसायटीतल्या एका एजंटानं दिलेला. धंद्याचा विमा म्हणूनच दिला होता त्यानं. तुम्ही चष्मा वर ढकलून सगळा वाचलात, नीट घडी घातलीत आणि परत केलात.

"छान आहे," म्हणालात. "तुम्ही गेलात की तुमच्या यजमानांना पैसे मिळतील. पाळणाघराला काही मिळणार नाही."

मला राग आला. मी म्हटलं, "मग आगीचा काढून द्या. सगळे आगीचाच काढतात."

"काय आहे तुमच्याकडे जळण्यासारखं?"

"गाद्या आहेत. खेळणी आहेत. फ्रिज आहे."

"वैशालीबाई, तुमचा धंदा गाद्यांचा आहे का?"

 तुम्ही खिडकीतून आतल्या खोलीकडे बोट केलंत. तिथे माझ्या मदतीला असलेल्या कमलमावशी मुलांना वरणभात भरवत होत्या. "लोक तुमच्याकडे सकाळी जे ठेवून जातात, त्याचा विचार करा. त्यातल्या एखाद्याला तुमच्या हातून काही झालं, तर त्याचं औषधपाणी आणि भरपाई तुमच्या वतीनं कोणी द्यायची, त्याचा विमा तुम्हाला हवाय. त्याला लायबिलिटीचा विमा म्हणतात."

मला ते ऐकवेना. दुसऱ्याच्या लेकराला काही होईल असं गृहीत धरून वर्षाला हप्ता भरायचा, हे मला अपशकुनासारखं वाटलं. तसं मी बोललेही. तुम्ही म्हणालात, "होईल असं धरून नाही भरायचा. झालं तर गाव सोडून पळायला लागू नये म्हणून भरायचा."

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते पाहून कमलमावशींनी तोंडाला पदर लावला. साठीला टेकलेले तुम्ही, इस्त्रीची पँट, खिशाला पेन, आणि सरळ गुडघ्यांवर बसलात आणि माझ्या पाळणाघरभर रांगत फिरलात. मुलांना वाटलं नवा खेळ आला. दोघं-तिघं तुमच्या मागे रांगायला लागली. तुम्ही त्यांच्या उंचीवरून सगळं बघत होतात. प्लगची भोकं, ओट्याखालची फिनाइलची बाटली, टेबलाचा कोपरा, पाण्याच्या टाकीचं झाकण. उठताना भिंतीला धरून उठलात आणि म्हणालात, "विमा नंतर. आधी हे सगळं दुरुस्त करा. नाहीतर मी कुठल्या तोंडानं कंपनीकडे जाऊ?"

मी केलं. दमछाक झाली, पण केलं. आणि पुढचे कितीतरी आठवडे तुमची दमछाक झाली. कारण पाळणाघर म्हणजे काय, हेच कुठल्या विमा कंपनीला कळेना. एकीनं दुकान धरलं, दुसरीनं शाळा. तिसरीनं विमा दिला, पण असा, की मुलांना शिजवलेलं खाऊ घातलं तर त्याची जबाबदारी त्यांच्यावर नाही. तुम्ही तो परत केलात. तुम्ही आधी सरकारी विमा कंपनीत होतात, खाजगी कंपन्या आल्यावर लवकर निवृत्ती घेतलीत आणि ब्रोकर झालात, हे मला तेव्हा समजलं. मी विचारलं, "पण एजंट आणि ब्रोकर, फरक काय? दोघंही विमाच विकता ना?"

"एजंट कंपनीचा असतो," तुम्ही म्हणालात. "ब्रोकर तुमचा असतो."

केवढा आधार वाटला होता मला त्या वाक्याचा! माहेर सोडून आल्यापासून "मी तुमचा" असं इथे कोणी म्हटलं नव्हतं. पुढे हेच वाक्य मी तुमच्या तोंडावर फेकणार आहे, हे तेव्हा कोणाला माहीत होतं.

शेवटी एक पॉलिसी मिळाली. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसून तुम्ही ती मला मराठीतून वाचून दाखवलीत, ओळ न् ओळ. मध्ये एक अट आली, तिथे थांबलात. "हे नीट ऐका. काही अपघात झाला, तर कंपनीला विचारल्याशिवाय आपली चूक होती असं कोणासमोर कबूल करायचं नाही. पैसे कंपनीनं द्यायचे, तर चूक होती की नव्हती हे ठरवायचा हक्कही त्यांचा."

मी हसले. "म्हणजे चुकलं तरी चुकलं म्हणायचं नाही? हे बरं आहे तुमचं पुण्याचं."

"ही अट पुण्याची नाही, मुंबईच्या हेड ऑफिसची आहे," तुम्ही म्हणालात. "पुण्यात कबूल करायचा प्रश्नच येत नाही."

काका, इरा आठवते ना? कशी विसराल म्हणा. अडीच वर्षांची, पिंगट केसांची, कोणाच्याही मागे दारापर्यंत धावत जाणारी. तिची आई मेघना समोरच्याच आयटी पार्कात सॉफ्टवेअरचं काम करायची. बाबा कंपनीतर्फे अमेरिकेत. त्या दुपारी एका मुलाला त्याचे आजोबा लवकर न्यायला आले. ते बाहेर पडले आणि कमलमावशींनी त्यांच्या मागे लोखंडी गेट लावलं. इरा टाटा करायला मागून धावत आली होती. तिचा हात बिजागरीच्या फटीत होता. मावशींना दिसलं नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक गेलं.

तो आवाज मी लिहिणार नाही.

इराला उचलून मी रिक्षात बसले. एका हातानं तिला धरलेलं, दुसऱ्या हातानं मेघनाला फोन, मग तुम्हाला. तुम्ही स्कूटरवरून आलात. नगर रोडच्या गर्दीतून कसे आलात कोण जाणे, पण मेघनाला मीटिंगमध्ये निरोप मिळून ती निघेपर्यंत तुम्ही पोचला होतात. इराला आत नेलं होतं. माझ्या साडीवर सगळे डाग. तुम्ही पाण्याची बाटली हातात दिलीत आणि हळू आवाजात म्हणालात, "वैशालीबाई, आता ती आई येईल. तिच्याजवळ बसा, तिची विचारपूस करा, काय हवं-नको ते बघा. त्याला कुठल्याही पॉलिसीत मनाई नाही. फक्त 'चूक आमची' एवढे दोन शब्द आज तोंडातून काढू नका."

मी मान हलवली. खरंच ठरवलं होतं, की नाही काढायचे.

मग मेघना जिन्यावरून धावत आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं, पायात एकच चप्पल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "ताई, काय झालं? कसं झालं?" आरडाओरडा केला असता तर मी गप्प राहिले असते. पण तिनं मला ताई म्हटलं. मी म्हणाले, "मेघना, चुकलं आमचं. गेट आमच्या बाईनं लावलं. मागे पाहिलं नाही. आमचीच चूक आहे."

तुम्ही माझ्या मागेच उभे होतात. वळून बघायची हिंमत झाली नाही.

पुढचं सगळं कसं गेलं ते तुम्हाला माहीत आहे, पण मला पुन्हा सांगू द्या. तुम्हाला सांगितल्याशिवाय ते हलकं होत नाही, ही माझी जुनी खोड. इराच्या बोटाचं एक ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आणखी एक लागेल. पाळणाघरातली निम्मी मुलं आठवड्याभरात गेली. आयांनी कारणं चांगली दिली. कोणाची सासू येणार होती, कोणी घर बदलणार होतं. दादाभाऊ येऊन गेटकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, ते आमच्या गोठ्याचं गेट हाय. म्हशी आडवायला केल्यालं. लेकरांसाठी न्हाई केल्यालं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं ते काढून नेलं. कमलमावशी घरात बसून राहिल्या, जेवेनात. मी त्यांना हाताला धरून परत आणलं, कारण मला एकटीला तिथे जाववत नव्हतं.

मग विमा कंपनीचा तपास करणारा माणूस आला. मुलांच्या खुर्चीवर तो मावेना, म्हणून उभ्यानंच विचारत होता. मी होते, तुम्ही होतात. गेट कुठे होतं, कोणी लावलं, मूल कुठे होतं, सगळं विचारून झालं. शेवटी त्यानं विचारलं, "घटनेनंतर पालकांसमोर जबाबदारी मान्य केली का?"

मी तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, तुम्ही काहीतरी बोलाल. घसा खाकराल, विषय बदलाल, एखादा तिरकस शब्द टाकाल. त्यात तर तुमचा हात कोणी धरला नसता.

"हो," तुम्ही म्हणालात. "माझ्यासमोर."

त्यानं लिहून घेतलं. तो गेला. मी दार लावलं आणि मग मात्र माझा तोल गेला.

"तुम्ही म्हणाला होतात, एजंट कंपनीचा आणि ब्रोकर तुमचा. मग आज कोणाचे होतात?"

"तुमचाच होतो."

"मी खोटं बोला म्हणत नव्हते. नुसतं गप्प बसायचं होतं!"

"मी गप्प बसलो असतो, तर त्यानं तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही नाही म्हणाला असतात. उद्या ती मुलगी म्हणाली असती, ताईंनी सगळं कबूल केलं होतं. मग एका बोटासाठी नाही, तुमच्या खोटेपणासाठी कंपनीनं हात वर केले असते. आणि मला तोंड उघडायला जागा राहिली नसती."

"आता काय मोठी जागा आहे?"

"आता खरं बोललेलं आहे. खऱ्यावर भांडता येतं."

तरी मला ते पटलं नाही. रागाच्या भरात मी म्हटलं, "तुमचं कमिशन कंपनीच देते ना? मग तुम्ही तिचेच."

तुम्ही हेल्मेट उचललंत, कमलमावशींना "येतो" म्हणालात आणि गेलात. मला म्हणाला नाहीत.

कंपनीचं उत्तर आलं. अटीचा भंग झाला, सबब काही देणं लागत नाही. मी ते वाचून कपाटात टाकलं आणि तुम्हाला फोनही केला नाही. तुमचे फोन आले, ते ह्यांनी उचलले. मी ह्यांना म्हटलं, सांगा, ती झोपली आहे. दिवसाढवळ्या. अमेरिकेहून इराच्या बाबांचा फोन यायचा, ते ग्राहक न्यायालयाचं नाव घ्यायचे. मी "हो दादा, हो दादा" करत ऐकून घ्यायची. उरलेल्या मुलांना झोपवायची, उठवायची, भरवायची. त्या महिन्यांचं मला दुसरं काही आठवत नाही, नुसता शीण आठवतो. सकाळी उठतानाच संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं.

आणि एक दिवस मेघना पाळणाघरात आली. अपघातानंतर पहिल्यांदाच. जिथे गेट होतं तिथे थोडी थांबली, मग आत आली.

"ताई, तुमचे ते काका आमच्या घरी येतात," ती म्हणाली.

मला वाटलं, आता हे काय नवीन? "काय म्हणतात?"

"पहिल्यांदा आले तेव्हा इराच्या बोटाबद्दल विचारून गेले. नंतर आले आणि मला म्हणाले, एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. त्या दिवशी वैशालीबाईंनी चूक कबूल केली नसती, तर तुम्ही काय केलं असतं?"

"मग? काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं. म्हटलं, मी तिथूनच पोलीस चौकीत गेले असते. वकील केला असता. तुमची पाटी उतरवल्याशिवाय थांबले नसते." ती खाली बघत बोलत होती. "तुम्ही चुकलं म्हणालात म्हणून मी तिथे बसू शकले, ताई. नाहीतर कोणावर ओरडू तेच मला कळत नव्हतं. काका म्हणाले, हेच कंपनीला लिहून द्याल का? मी दिलंय. ह्यांना आवडलं नाही, पण दिलं."

असं होतं तर तुमचं भांडण! मी फोन उचलत नव्हते आणि तुम्ही कंपनीला सांगत होतात, की या बाईनं चूक कबूल केल्यानं तुमचं नुकसान झालेलं नाही, झाला तर फायदाच झालाय. ती गप्प राहिली असती तर आज तुम्ही कोर्टात याच्या कितीतरी पट भरत बसला असतात. पुण्याच्या ऑफिसनं ऐकलं नाही. तुम्ही एस.टी.नं मुंबईच्या हेड ऑफिसला गेलात. त्यांनी बसवून ठेवलं आणि परत पाठवलं. पुन्हा गेलात. हे मला तुम्ही नाही सांगितलंत, तुमच्या ऑफिसातल्या मुलानं सांगितलं. त्याचं म्हणणं होतं, एवढ्याशा पॉलिसीसाठी काका उगाच जीव काढतात.

शेवटी कंपनी कबूल झाली. मागितलं होतं तेवढं नाही दिलं, कात्री लावलीच. पण इराचं दुसरं ऑपरेशन झालं आणि मेघनाच्या घरच्यांनी विषय मिटवला. तुम्ही स्वतः सांगायला आलात. उन्हातून आला होतात, चेहरा पार उतरला होता. बुटक्या खुर्चीत बसलात आणि एवढंच म्हणालात, "झालं."

मी चहा ठेवला. तुम्ही कपाकडे बघून विचारलंत, "यात चहा आहे, की वऱ्हाडी पद्धतीनं नुसती साखरच?" म्हणजे बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. मी आभार मानले नाहीत. कमिशनचं बोलले होते, तेही मागे घेतलं नाही. मनात होतं, पण तुम्ही कपाकडे बघत बसला होतात आणि मी ओटा पुसत होते.

मग तुम्ही आपणहून म्हणालात, "पहिल्या दिवशी मी इथे सगळं पाहिलं होतं. प्लग पाहिले, टाकी पाहिली. गेटमधून आत आलो, गेटमधूनच बाहेर गेलो. बिजागरी नाही पाहिली."

तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं, काका. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. उत्तराची वाट बघत होतात, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. मी विचारलं, "आणखी घेता का थोडा?" आणि तुम्ही म्हणालात, "नको."

मी रोज त्या गेटातून जात होते. कमलमावशी जात होत्या, दादाभाऊ तर जन्मापासून ते गेट बघत होते. कोणालाही ती फट दिसली नाही. तुम्ही एकटेच असे होतात, ज्यानं गुडघे टेकून काहीतरी पाहायचा प्रयत्न तरी केला. तुमच्याकडे दोष येतच नव्हता. हे त्या दिवशी म्हणायला किती श्वास लागला असता? चहा विचारण्याइतकाच.

तुम्ही पुढे दर वर्षी येत राहिलात. गुडघे गेल्यावर तुम्ही खुर्चीत बसायचात आणि मला रांगायला लावायचात. "आणखी खाली वाका. तुमची नजर अजून बाईची आहे, पोराची नाही." ऑफिस विकलं गेलं, निवृत्त झालात, तरी नूतनीकरणाच्या वेळी रिक्षा करून यायचात. मी म्हणायची, कशाला आलात एवढ्या लांब? तुम्ही म्हणायचात, "नवीन मुलं फोनवरून पाळणाघर बघतात." आणि दर वर्षी आपला तोच वाद. मी म्हणायची, बघा, मी चुकलं म्हणाले म्हणून कंपनी नमली. तुम्ही म्हणायचात, ते मी लपवलं नाही म्हणून नमली. मी म्हणायची, माझं माणुसकीचं होतं आणि तुमचं नियमाचं. तुम्ही म्हणायचात, "दोन्ही पॉलिसीच्या बाहेरचं होतं. चहा द्या."

परवा तुमच्या एरंडवण्याच्या घरी जाऊन आले. काकू बोलत होत्या. म्हणाल्या, "खराडीहून आले, की यांची पँट गुडघ्यांवर मळलेली असायची. मी विचारायचे, या वयात कुठे रांगायला जाता?" सांगता सांगता त्यांना हसू आलं आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले. त्यांना मी तुमच्याबद्दल पुष्कळ सांगणार होते, पण सांगायला लागलं, की ते विम्याचंच व्हायचं. अटी, तपास, हेड ऑफिस. यात प्रेमाचं काय ते त्यांना कसं दाखवू, ते कळेना. मेघनाला कळवलं आहे. ती आता हैदराबादला असते. तिनं लिहिलंय, इरा शाळेत जाते, पेन्सिल नीट धरते, काकांना नमस्कार सांगायचा राहूनच गेला. उशीर झाला त्या नमस्काराला, पण पोचवते.

लिंकवर अजून क्लिक केलेलं नाही. त्या पोरीला सांगितलं, मला आधी पूर्ण पॉलिसी पाठव, वाचल्याशिवाय पैसे भरत नाही. ती म्हणाली, "मॅम, कोणीच वाचत नाही." वाचायला बसले तर डोळे दुखले. इंग्रजी बारीक अक्षर आणि समोर कोणी मराठीतून सांगणारं नाही. अर्धी झाली आहे. उरलेली उद्या.

पण तुम्हाला लिहायला बसले ते या पॉलिसीसाठी नाही. काल संध्याकाळी एक जोडपं पाळणाघर बघायला आलं होतं. दोघंही आयटीतले, मुलगा वर्षाचा, आईच्या खांद्यावर झोपलेला. सगळं फिरून बघितलं, जेवण काय देता विचारलं, कॅमेरे बघितले. निघताना आईनं विचारलं, "ताई, इथे कधी कोणाला काही लागलंय का? म्हणजे, मोठं असं काही?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी सरळ विचारलं नव्हतं. कमलमावशी आता थकल्यात, तरी येतात. त्या दारातच उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. तिथे तपास करणारा कोणी नव्हता. लिहून घेणारं कोणी नव्हतं. "नाही हो" म्हटलं असतं तर ते मूल आजपासून माझ्याकडे असतं, आणि मुलं सध्या कमीच आहेत.

मी म्हणाले, "हो. झालंय." आणि त्यांना बसवून सगळं सांगितलं. गेट, बोट, हॉस्पिटल, आणि त्यानंतर आम्ही काय काय बदललं ते.

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कळवतो," म्हणाले आणि गेले. फोन अजून आलेला नाही. बहुतेक यायचा नाही.

पण एवढ्यावरून वाद तुम्ही जिंकलात असं समजू नका, काका.